चर्चा: मूळ संख्या तपासायला पायथन वापरणं म्हणजे वेळेची उधळपट्टी

विषमांक
२ चा अपवाद सोडून ३ पासून वर्गमुळापर्यंतच्या विषम संख्यांनी भागत जायचं, बाकी शून्य आली की थांबायचं. हाच प्रोग्राम सी, जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये लिहून १ कोटीच्या आतल्या मूळ संख्या मोजल्या. पहिल्या तिघांत उन्नीस-बीस. पायथन मात्र चालू करून दुसरं काम उरकून यावं, तरी चाललेलंच. आकडेमोडीला ही भाषा कशाला शिकवतात, कोणी सांगेल का?

निःशेष
उत्तर ६,६४,५७९ आलं का? ते छापलं नसेल तर सीचा कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) -ओ२ ला, म्हणजे वेगासाठी कोड सुधारायच्या सेटिंगला, अख्खं लूपच उडवून देऊ शकतो. मग वेग अफाट दिसणारच.

विषमांक
छापलं, चारही ठिकाणी तेच आलं.

घातांक
तुम्ही भाषा मोजली नाहीत, इंटरप्रिटरचा (पायथनचा कोड चालवता चालवता वाचणाऱ्या प्रोग्रामचा) दर फेरीमागचा खर्च मोजलात. आता २ चा ६१ वा घात वजा १ ही संख्या घ्या. ती मूळ आहे हे पेरवुशिन या रशियन गणितज्ञानं १८८३ मध्येच दाखवलंय. तिचं वर्गमूळ सुमारे १५२ कोटी, म्हणजे तुमच्या पद्धतीनं ७६ कोटी भागाकार. सीलासुद्धा काही सेकंद लागतील. पायथनमध्ये मिलर-राबिन लिहा, म्हणजे भागत न बसता काही निवडक संख्यांचे (आधारांचे) घात काढून बाकी बघणारी चाचणी; २ ते ३७ या बारा मूळ संख्या आधार म्हणून घ्या. ६४ बिटांपर्यंत उत्तर पक्कं, संभाव्यतेचा प्रश्नच नाही, आणि ते पापणी लवायच्या आत येतं.

विषमांक
ही वडाची साल पिंपळाला झाली. अल्गोरिदम बदलला की तुलना कसली? मिलर-राबिन सीमध्येही लिहिता येतं, तिथेही सीच पुढे. आणि पायथनचं ते तीन आर्ग्युमेंटचं पॉव (घात काढून लगेच बाकी देणारं फंक्शन) आतून सीमध्येच लिहिलंय!

घातांक
लिहा की. पण ६४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १२८ बिटांत सांभाळला नाहीत, तर वेगानं चुकीचं उत्तर येईल. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो, तो विचार करावाच लागत नाही. त्याची किंमत वेळेत मोजतो, हे मान्य.

निःशेष
जावास्क्रिप्टला हीच संख्या साधी देऊन बघा. २ च्या ५३ व्या घातापलीकडे प्रत्येक पूर्णांक अचूक धरता येत नाही, त्यामुळे ती २ चा ६१ वा घात होते. झाली सम! प्रोग्राम क्षणात सांगतो, मूळ नाही. वेगात पहिला नंबर. बिगइंट (हवे तेवढे मोठे पूर्णांक धरणारा प्रकार) वापरलं तर बरोबर, पण मग तो वेग उरत नाही.

विषमांक
माझी मर्यादा १ कोटी आहे. तिथे ३२ बिट पुरतात, यातलं काहीच लागू होत नाही.

घातांक
१ कोटीपर्यंतच्या *सगळ्या* हव्या असतील तर एकेक तपासताच कशाला? एराटोस्थेनिसची चाळणी लावा, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जा. नमपायनं (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) लिहिलीत तर पायथनसुद्धा तुमच्या सीच्या भागाकारांना मागे टाकेल.

विषमांक
आणि सीमधली चाळणी तुमच्या नमपायला. चालू द्या.