टायमिंग बेल्ट बदलल्यापासून गाडी चढ चढंना, मदत हवी आहे

खानापूरकर
मंडळी, अर्जंट आहे. गाडी ओढतच नाही. रविवारी घरी काम केलं, त्याआधी एकदम ठीक होती. स्टार्ट होते, जागेवर नीट चालते, पण जांबोटीच्या पुढं चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडते. काल कणकुंबीपर्यंत गेलो, काटा गरमवर जायला लागला म्हणून परत फिरलो. परवा आईला गोव्यात बांबोळीच्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं आहे. काय बघू?

उद्यमबाग_फिटर
कुठली गाडी? कितीचं मॉडेल? काम केलं म्हणजे नेमकं काय केलं?

खानापूरकर
मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. व्हिडिओ बघून टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा, बदलला. खुणा जुळवल्या होत्या.

निपाणीचा_नाना
बेल्ट सोडा, पेट्रोल बघा. हल्ली २० टक्के इथेनॉल येतंय. माझ्या जुन्या ओम्नीचा रबरी पाइप आतून फुगला आणि तवंदी घाटात गाडी अशीच बसली. कार्बोरेटर उघडा, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा, पाइप बदला.

उद्यमबाग_फिटर
नाना, तुमचा अनुभव खरा असेल. पण ही गाडी रविवारपर्यंत त्याच पेट्रोलवर चालत होती. जिथं हात लावला तिथं आधी शोधायचं.

निपाणीचा_नाना
जेट साफ करायला अर्धा तास, बेल्ट उघडायला अर्धा दिवस. सोपं आधी करावं की.

शहापूरचे_अण्णा
चोर्ला घाटानं जाताच कशाला? खानापूरहून लोंढा, रामनगर, अनमोड करून जावा. आम्ही कायम तिकडूनच जातो.

खानापूरकर
अण्णा, आमचं गाव जांबोटीच्या बाजूला आहे, रस्ता माहीत आहे. गाडीचं सांगा.

चिकोडी_८००
प्लगच्या वायरी बघितल्यास का भावा? फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे. नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घे. तिन्ही सिलिंडर सारखेच कमी दाखवले तर बेल्ट, एकच कमी असेल तर व्हॉल्व्ह.

उद्यमबाग_फिटर
वायरी उलटसुलट असत्या तर जागेवरच थरथरली असती. डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटून देतो तो भाग) हात लावला होता का?

खानापूरकर
हो, तिथून तेल गळत होतं म्हणून काढून ओ-रिंग (रबरी कडी) घातली. परत बसवला, स्टार्ट झाली. म्हणून लिहिलं नाही.

उद्यमबाग_फिटर
हेच पहिल्यांदा सांगायचं होतं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून फिरतो, आणि त्या दांड्याला टायमिंग बेल्ट क्रँकवरून फिरवतो. बेल्ट एक दात मागे राहिला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. मग जाळाचा जोर पिस्टनला न मिळता सायलेन्सरकडे जातो, ओढ जाते, इंजिन तापतं. तुझं तसंच दिसतंय.
बॅटरीची निगेटिव्ह काढ. तिन्ही प्लग काढ, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हातानं सहज फिरेल. पाना लावून सुलट दिशेनं पूर्ण दोन फेरे दे, कारण तेवढ्यात कॅमचा एकच फेरा होतो. मग खुणा बघ. बाहेरच्या पुलीवरची खाच धरू नको. बेल्टसाठी पुली काढून आतल्या दातेरी चक्रावरची खूण बघावी लागते, बरेच जण इथंच चुकतात. दुसरी चूक म्हणजे बेल्टाची ढील चुकीच्या बाजूला राहणं. टेन्शनर (बेल्ट ताणणारं चाक) ताणला की कॅम एक दात सरकतो, आणि फेरे न देता कव्हर लावलं तर ते कळतच नाही.
बेल्ट बरोबर निघाला तर डिस्ट्रिब्युटर टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावून सेट कर. नुसतं आवाजावर करू नको.

निपाणीचा_नाना
पाइप तरी बघून घ्या. जुना असेल तर बदलाच, घाटात फुटला तर आग लागेल.

उद्यमबाग_फिटर
हे मात्र नानांचं बरोबर आहे.

खानापूरकर
दोन फेरे दिले. क्रँकची खूण जुळते, कॅमची एक दात मागे आहे. पाइपही कडक झालाय, आणायला सांगितलाय. बेल्ट चार दिवसांचाच आहे, तोच लावला तर चालेल?

उद्यमबाग_फिटर
तेल लागलं नसेल, कुठं मुडपला नसेल तर चालेल. टेन्शनरचा बोल्ट दोन फेरे दिल्यावरच आवळ. नंतर डिस्ट्रिब्युटर लाइटवर तपास, कारण बेल्ट हलला की तोही हलणार. आणि आईला बसवायच्या आधी एकटा कणकुंबीपर्यंत जाऊन ये.