प्रतिसाद: फक्त टेनिस-क्रिकेट नव्हे!

वर कुणीतरी लिहिलंय की डेक्कन जिमखाना म्हणजे टेनिस आणि क्रिकेट. मला हे वाचून राहवलं नाही. १९०६ साली पुण्यात सुरू झालेल्या या क्लबने भारताच्या ऑलिंपिक प्रवासाची सुरुवात करून दिली, हे विसरून कसं चालेल?

जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. शंभर यार्डांची शर्यत चक्क वळणावरून आखलेली, धावपटूंच्या रांगा वेगळ्या ठेवणाऱ्या दोऱ्याही नाहीत! आणि लांब पल्ल्याची शर्यत गर्दीच्या, खडीच्या रस्त्यावरून, अनवाणी. त्या तळव्यांचा विचार केला की अजूनही अंगावर काटा येतो. नियम माहीत नाहीत, प्रशिक्षण नाही, तरी त्यांच्या वेळा पाहून दोराबजी थक्क झाले आणि बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ पाठवण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला.

१९२० च्या त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे, पदक थोडक्यात हुकलं. ही नावं जिमखान्याच्या बसस्टॉपवर मोठ्या अक्षरांत लावायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.