रॅपिड सिटीहून डेव्हिल्स टॉवर आणि डेडवुड एका दिवसात जमेल का?

पायवाट: जूनमध्ये आईबाबांसह रॅपिड सिटीला आमचा मुक्काम आहे. त्यातला एक दिवस काढून वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर हा खडकाचा सुळका आणि साउथ डकोटातील डेडवुड हे जुने गाव पाहावे, असा विचार आहे. बाबांना खडकांचे वेड आहे, तर आईचे गुडघे दुखतात. आधी कोठे जावे आणि किती चालावे लागेल?

घाटमाथा: जमेल, मात्र टॉवर आधी उरकावा. आय-९० महामार्गाने सनडान्सपर्यंत आणि तेथून १४ व २४ क्रमांकांच्या रस्त्यांनी गेल्यास सुमारे दोन तास लागतात. पायथ्यापासून ८६७ फूट उंच असलेला हा सुळका १९०६ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. शिलारस थंड होऊन आकसताना त्याला भेगा पडल्या, त्यातून हे उभे स्तंभ तयार झाले आणि भोवतालचा मऊ गाळाचा खडक झिजून गेल्यावर ते उघडे पडले. वाटेलगत कोसळून पडलेल्या स्तंभांच्या बाजू बाबांना मोजू द्याव्यात. कोठे पाच भरतात, कोठे सहा. सुळक्याभोवतीची वाट १.३ मैलांची आणि पक्की आहे, परंतु चढ सुरुवातीलाच आहे. आई तेवढा चढ टाळून वाहनतळापाशी थांबल्या, तरी सुळका तेथूनही पुरेपूर दिसतो.

माळरान: लाकोटा हे येथील मूळनिवासी लोक या सुळक्याला ‘माटो टिपिला’, म्हणजे अस्वलाचे घर, म्हणतात. जूनमध्ये त्यांचे धार्मिक विधी होत असल्याने त्या महिन्यात गिर्यारोहकांनी स्वेच्छेने चढाई टाळावी, असे आवाहन केले जाते. पाइनच्या फांद्यांना बांधलेली रंगीत फडकी म्हणजे प्रार्थना आहेत. त्यांना हात लावू नये.

जुनी वही: परतताना महामार्ग स्पिअरफिशला सोडून १४ए रस्त्याने स्पिअरफिश कॅन्यनमधून यावे. उंच चुनखडी कड्यांमधून रस्ता ओढ्याला धरून वळतो आणि ब्रायडल व्हेल धबधबा गाडीतूनच दिसतो, म्हणजे आईंचीही सोय झाली.

डेडवुडबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. १८७६ च्या सोन्याच्या लाटेत वसलेल्या या गावात त्याच वर्षी २ ऑगस्टला पत्ते खेळत असताना वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला पाठीमागून गोळी घातली गेली, आणि गाव आजही त्याच गोष्टीवर जगते. मुख्य रस्त्यावर जुन्या दर्शनी भिंतींच्या आत जुगाराची यंत्रे खणखणतात, याचा मला पहिल्या भेटीत रागच आला होता. पण १९८९ मध्ये जुगाराला परवानगी मिळाली ती इमारतींच्या जतनासाठी पैसा उभा राहावा म्हणून, हे कळल्यावर तो थोडा निवळला. हिकॉक आणि त्या काळची गाजलेली धाडसी स्त्री कॅलॅमिटी जेन यांच्या शेजारशेजारच्या कबरी असलेले माउंट मोराया हे दफनस्थान तीव्र उतारावर आहे. तेथे बाबांबरोबर तुम्ही जा, आईंना मुख्य रस्त्यावर निवांत बसू द्या.