मदत हवी आहे: 2006 ची वॅगन आर, अ‍ॅव्हरेज 16 वरून 11 वर आलंय, नेमकं काय बघू?

नमस्कार मंडळी,

गाडी 2006 ची पेट्रोल वॅगन आर, जुनं 1061 सीसीचं चार सिलिंडरवालं इंजिन, गॅस किट वगैरे काही नाही. एमएच 11, पहिल्यापासून आण्णांच्या हातात होती, आता मी चालवतो. इंजिनचा आवाज एकदम मऊ, पिकअप ठीक, धूर नाही, ऑइल खात नाही, फक्त पेट्रोल पितेय. सातारा गावातलं आणि अधूनमधून पुणे असं मिक्स रनिंग आहे, त्यात 16 देणारी गाडी आता 11-साडेअकरावर आलीय. पेट्रोल शंभरीच्या पुढे असताना हे परवडत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे ही गाडी आम्हाला विकायची नाहीये, घरात कुणालाच नाही, त्यामुळे जे करायचं ते नीट करायचंय.

आकडे अंदाजपंचे नाहीयेत. आण्णांची डायरी आहे डॅशबोर्डच्या कप्प्यात, दर वेळी टाकी फुल केली की तारीख, किलोमीटर, लिटर, बऱ्याचदा एकाच पंपावर आणि नोझल पहिल्यांदा कट झालं की बंद, वरून घुसवायचं नाही. मी ते सगळं एक्सेलमध्ये टाकलं तेव्हा लक्षात आलं की अ‍ॅव्हरेज एकसारखं घसरत आलेलं नाहीये, दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात. पहिली 2019 च्या उन्हाळ्यात, 16 वरून एकदम 13 च्या आसपास, आणि मग तिथेच स्थिर. दुसरी अलीकडची, हळूहळू 13 वरून इथपर्यंत. म्हणजे कारण एक नसून किमान दोन असावीत असं मला वाटतंय आणि म्हणूनच इथे विचारतोय, कारण गॅरेजवाले सगळं एकाच बिलात बसवतायत.

आधी ई20 चं (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) बोलून घेतो नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत हिशोबाने सहा-सात टक्के जातात, नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी तेवढाच आकडा दिलाय. त्यात आधीच्या पेट्रोलमध्येही थोडं इथेनॉल होतंच. म्हणजे 13 चे फार तर सव्वाबारा व्हायला हवेत, 11 नाही. ई20 आहे हे मान्य पण सगळं त्याच्यावर ढकलून गप्प बसणं मला पटत नाही. रबरी पाइप आणि सील जुने आहेत त्यांचं काय ते वेगळं, फ्युएल लाइन बघून घेतली, कुठे पाझर नाही, वास नाही.

गॅरेजमध्ये (नाव लिहीत नाही) दाखवली तर स्कॅनर न लावताच ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), इंजेक्टर आणि फ्युएल पंप बदला म्हणाले, सोळा हजारांचा अंदाज. दुसरे म्हणाले इंजिन काम काढावं लागेल. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते) तपासलं का विचारलं तर गेजच नाही त्यांच्याकडे! ज्या इंजिनचं कॉम्प्रेशन मोजलंच नाही ते खोलायचं कशावरून, हे मला कुणी समजावून सांगा. आणि भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची सिस्टिम) सक्तीचं झालं 2010 पासून, त्यामुळे या गाडीला मोबाइलला जोडायचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लागत नाही, मी लावून बघितला.

मी स्वतः काय काय बघितलंय ते सांगतो म्हणजे तेच परत सुचवलं जाणार नाही. हवा दाराच्या फ्रेमवरच्या स्टिकरप्रमाणे, ती पण घरच्या गेजने, कारण पंपावरच्या दोन मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अलाइनमेंट झालंय. एअर फिल्टर नवीन आहे, पण त्याने फरक पडेल अशी आशा नव्हतीच, फिल्टर चोंदला की अ‍ॅव्हरेज मरतं हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं, इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलही कमी करतो, जातं ते पिकअप. ऑइल मागच्या वेळी गॅरेजने “जुनी गाडी आहे, जाड टाकू” म्हणून 20डब्ल्यू-50 टाकलं होतं, ते आता मॅन्युअलमधल्या ग्रेडवर आणलंय.

मग ब्रेक. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी एकट्याने ढकलून बघितली तर जड गेली. कोरेगावहून आल्यावर चारही चाकांना हात लावला, तीन कोमट आणि मागचं डावं इतकं तापलेलं की हात ठेववेना. जॅक लावून, हँडब्रेक पूर्ण सोडून ते चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरा पण जात नाही, सर्र सर्र घासत थांबतं. उजवं मात्र छान गरगरतं. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, ब्रेक शू परत येतच नव्हते. केबल बदलली, ड्रम साफ केला, त्यानंतर पुढच्या टाकीला 12 च्या थोडं वर मिळालं. म्हणजे दुसरी पायरी बहुतेक सुटली, ब्रेक आणि ई20 मिळून.

राहिली 2019 ची पायरी, आणि खरा प्रश्न तोच आहे.

प्लग काढले तर चारही काळे, कोरडी काजळी, बोटाला लागते. म्हणजे मिक्श्चर रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), चारही सिलिंडरला सारखंच, त्यामुळे एखादा इंजेक्टर गळतोय असं वाटत नाही. पीयूसीच्या जुन्या पावत्या पण डायरीतच आहेत, त्यात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आधी अगदी कमी यायचा, आता 0.5 टक्क्याच्या मर्यादेला टेकत आलाय, पास होते पण काठावर. आणि तिसरी गोष्ट, टेम्परेचरचा काटा. पूर्वी तो पाच-सात मिनिटांत मधल्या रेघेच्या जरा खाली येऊन तिथेच राहायचा. आता गावात ट्रॅफिकमध्ये कसाबसा तिथे पोचतो आणि हायवेला लागलं की परत खाली पडतो, थंडीत तर पाव भागाच्या वर येतच नाही. डिसेंबरात महाबळेश्वरला हीटर लावला तर नुसती कोमट हवा.

इंजिन गार आहे असं टेम्परेचर सेन्सरने सांगितलं की ईसीयू जुन्या चोकसारखं जास्तीचं पेट्रोल देत राहतो, हे मला कळतं. मग सेन्सर खोटं बोलतोय की इंजिन खरंच गार राहतंय? हीटर पण गार आहे म्हणजे पाणीच गार असणार, असा माझा तर्क. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असेल का? आणि तसं असेल तर ओटू सेन्सरचा खर्च सध्या थांबवू ना? जाणकारांनी जरा सांगा.

अपडेट: सगळ्यांचे आभार, विशेषतः ज्यांनी “आधी थर्मोस्टॅटचं घर उघडून बघ, मग पुढचं बोलू” असं ठामपणे लिहिलं त्यांचे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घेतलं. दोन बोल्ट, वरचा होज काढला, आत थर्मोस्टॅटच नाही! नुसतं रिकामं घर आणि कडेला सिलिकॉन सीलंट फासलेलं. डायरीत मे 2019 च्या पानावर आण्णांची ओळ सापडली, “खंबाटकी चढताना गाडी गरम, पाणी घातले, गॅरेज”. आण्णांना विचारलं तर म्हणाले, “त्यांनी काहीतरी काढलं होतं रे, परत गरम होणार नाही म्हणाले, आणि झालीच नाही.” रस्त्यावरच्या गॅरेजात हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि मला त्याची खरंच चीड येते, कारण गाडी गरम का झाली ते कुणी बघितलंच नाही, आणि माणूस पुढची कित्येक वर्षं पेट्रोलमध्ये त्याचे पैसे भरत बसतो, शिवाय गार इंजिन जास्त झिजतं ते वेगळंच.

दोघांनी विचारलंय म्हणून, पाणी कसलं होतं? तांबूस, कूलंटचा रंग अजिबात नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो असं, आणि तेच रेडिएटरमध्ये जात आलंय. म्हणजे नळ्या आतून क्षाराने चोंदल्या असणार आणि खंबाटकीत गाडी त्यामुळेच तापली असावी असा मेकॅनिकचा आणि माझाही अंदाज. फॅन वेळेवर लागतो, बेल्ट चांगला आहे, वॉटर पंप गळत नाही.

तर आता अडलंय ते इथे. नवा थर्मोस्टॅट आणलाय, मॅन्युअलमधल्या तापमानाचाच. पण रेडिएटर तसाच ठेवून तो बसवला तर पुढच्या घाटात परत तापणार आणि त्या वेळी हेड गॅस्केट जाईल अशी भीती आहे. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर खोलून रॉड मारून (नळ्यांत सळई घालून) साफ करू, स्वस्तात होईल. दुकानदार म्हणतो इतक्या जुन्याला हात लावला की गळायला लागतो, सरळ नवा घ्या. रॉड मारलेला रेडिएटर कुणाचा नीट टिकलाय का, अनुभव असेल तर लिहा. ओटू सेन्सरला सध्या काही करणार नाही, आधी इंजिन गरम होऊ दे, एक-दोन टाक्यांचं अ‍ॅव्हरेज आणि नवी पीयूसी बघून मग ठरवेन. आणि साताऱ्यात किंवा कराडला कॉम्प्रेशन गेज आणि कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल, गाडी सध्या पाणी काढून उभी आहे.