मदत हवी आहे: आजोबांच्या डब्यातल्या जुन्या काचेच्या गोट्या ओळखायच्यात

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईजवळ गावी आमच्या माळवदाच्या घरात आवराआवर करताना आजोबांचा पितळी डबा सापडला, आत 43 गोट्या. बऱ्याचशा हिरवट, साध्या, गोळी सोड्याच्या बाटलीतल्या असाव्यात. पण एक लई वेगळी हाये, 22 मिमी भरली, आत पांढऱ्या धाग्यांची जाळी अन् त्याच्यावरून लाल-निळे पट्टे पिळा घातल्यासारखे, आणि दोन्ही टोकांना बोट फिरवलं की खरखर लागतं.

मी वाचलं की जर्मनीत लाउशा गावाकडं काचेच्या कांडीतून कात्रीने कापून हातानं गोट्या बनवायचे, त्या कापल्याची खूण टोकांना राहते, मशीनच्या गोटीला नसते. मग ही तसलीच समजायची का अजून काही तपासावं लागतं?

जुन्या वस्तूवाला सगळ्या मिळून 500 देतो म्हणायलाय, तेही तराजूत टाकून, मला ते अजिबात पटलं नाही. वर पॉलिश करून घ्या म्हणला, पण पॉलिशनं मूळ पृष्ठभाग जातो अन् किंमत पडते ना? बारीक टवका एकच आहे.

विकायची घाई नाही, पण खरी किंमत कशी काढायची? संभाजीनगरकडं कोणी जाणकार संग्राहक आहेत का, मी डबा घेऊन येतो.