डोंगरावरचं घर आणि नळाला न चढणारं पाणी

माचीवाली: काल एकानं यवतेश्वर घाटातनं रात्रीच्या साताऱ्याचा फोटो टाकलाय, वर लिहिलंय "म्हातारपणी इथंच घर बांधणार, खालच्या गर्दीत कोण राहतंय". अरे भावा, मी लग्न होऊन अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर माची पेठेत आले त्याला 22 वर्षं झाली. दिवे दिसतात, नाही कोण म्हणतंय. पण कास तलावाचं पाणी उतारानं शहरात येतं म्हणून जे कौतुक सांगता ना ते आमच्या नळाला चढता चढता दमतं. सिलिंडरवाला खालनंच हाक मारतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, पुढं तीन महिने त्यांनी व्ह्यूच बघितला.

यवतेश्वरकर_होणार: ताई फोटो माझाच आहे. पाण्याचा राग माझ्या फोटोवर कशाला? पुण्यात 14 वर्षं खिडकी उघडली की समोरच्याची बनियनं बघतोय मी. आणि सातारा राजधानी झाला तो डोंगरामुळंच, नाव काय तर अजिंक्यतारा!

गोडोलीकर: अजिंक्य कसला, 1700 ला औरंगजेबानं घेतला की. आझमतारा केलं होतं नाव.

बोगद्यापलीकडचा: फॉरवर्ड वाचून इतिहास सांगू नका. चार महिन्यांच्या वर वेढा चालला, सुरुंग उडवला तर तट त्यांच्याच माणसांवर कोसळला, किल्लेदार प्रयागजी प्रभू हटले नाहीत. पुढं ताराराणींनी परत घेतला.

गोडोलीकर: ते माहितीय. पडला का नाही तेवढं सांगा.

बोगद्यापलीकडचा: बोलणी करून सोडला. फरक असतो, तुम्हाला कळणार नाही.

गोडोलीकर: म्हणजे पडला 😂

बोगद्यापलीकडचा: तुमच्यासारखे आत होते म्हणून!!

राजवाडा_चौपाटी: ओ पैलवान, घराचं चाललंय इथं. आणि वर घर बांधणाऱ्यांनो, फुलांच्या सीझनला रविवारी कास रोडनं दूध आणायला खाली उतरून दाखवा, पुण्याच्या गाड्यांनी घाट पॅक. मागच्या वर्षी पावणेदोन तास अडकलो, गाडीत पोरगं रडतंय आणि पुढचा मधेच गाडी थांबवून सेल्फी काढतोय.

माचीवाली: किल्ल्याचं निघालंच आहे तर ऐका, 1708 ला शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला गडावर, पण शहर वसवलं खाली. छत्रपतींना कळलं ते ह्याला कळंना.

यवतेश्वरकर_होणार: घ्या, आता थेट महाराजच साक्षीला! बरं बाई, टाकी दुप्पट बांधतो, जिना ठेवत नाही, झालं समाधान? पण एवढाच त्रास आहे तर ते माचीवरचं घर मला द्या, रेट सांगा.

माचीवाली: विकायचंय असं कोण म्हणालं?