मदत हवी आहे: एचआयव्ही असलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा, नवख्या स्वयंसेवकांसाठी

पारंबी

आठ स्वयंसेवक, चार घरं, आठवड्यातून दोन फेऱ्या. दोन रुग्ण हिंडतेफिरते, एकांना टीबीची औषधं चालू, एक पूर्ण अंथरुणाला खिळलेले. नर्स पंधरा दिवसांतून एकदा येते, एरवी सगळं आमच्यावर. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. तिथून पुढचं हवंय:

१. ब्लीच नेमकं किती पाण्यात? जो तो वेगळं सांगतो.
२. सुई टोचली तर लगेच काय करायचं?
३. खिळलेल्या रुग्णाला एकट्याने कसं वळवायचं? माकडहाडावर लालसर चट्टा दिसतोय.
४. गोळ्या खरंच घेतल्या जातात का, हे समोरच्याला न दुखावता कसं कळणार?

कंदील

ब्लीचचा घोळ होतो कारण बाटलीतली तीव्रता वेगवेगळी असते आणि लेबल कुणी वाचत नाही. हिशेब सोपा आहे: लेबलवरचा टक्का भागिले हवा असलेला टक्का, वजा एक. उत्तर येईल तितके भाग पाणी, एक भाग ब्लीचला. रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्के लागतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या ब्लीचला ९ भाग पाणी, १० टक्क्यांच्या ब्लीचला १९ भाग. फरशी, कमोड, डागाळलेल्या चादरी यांना ०.०५ टक्के पुरतं. ५ टक्क्यांच्या ब्लीचला ९९ भाग.

रक्तावर थेट ओतू नका. रक्तच क्लोरीन खाऊन टाकतं आणि जंतू शाबूत राहतात. हातमोजे घाला, जुन्या कापडाने टिपून घ्या, मग द्रावण ओता, १० मिनिटं राहू द्या, पुसा. द्रावण रोज ताजं आणि गार पाण्यातच करायचं. लघवीच्या भांड्यात थेट ब्लीच टाकलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो, म्हणून भांडं आधी रिकामं करून नीट विसळायचं. आणि ब्लीच कातडीला किंवा जखमेला कधीच नाही. (हात ब्लीचने धुणारे उत्साही लोक प्रत्येक गटात एक तरी असतात. साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद, बस.)

पायरव

सुई टोचली तर पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि निघा. पीईपीच्या (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायच्या) गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या. ७२ तास उलटले की त्या देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. रात्री-अपरात्री पीईपी कुठे मिळते याचा पत्ता आजच शोधून आठही जणांच्या फोनमध्ये ठेवा, टोचल्यावर नव्हे.

एचआयव्ही असलेल्याच्या रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. रुग्ण नियमित औषधावर असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर त्याहून पुष्कळ कमी. खरी काळजी हेपेटायटिस बीची. लस नसलेल्याला, रुग्णाला तो असेल तर, शक्यता ६ ते ३० टक्के. लसीचे तीन डोस असतात: आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात. ते सुरू करा. सुईला टोपण परत लावायचं नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, डबा पाऊण भरला की बंद.

वेताची_खुर्ची

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरी माणसं विषाणूपेक्षा पाठीवरच्या जखमेने जास्त हाल सोसतात.

एकट्याने वळवताना बहुतेकांची पहिली चूक म्हणजे पलंगाच्या मधोमध असलेल्याला तसंच आपल्याकडे ओढणं. मग माणूस कडेला येतो आणि घाबरून कठडा धरतो. आधी त्याला पलीकडच्या कडेकडे सरकवा, पण ओढत नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घडी घातलेली चादर अंगाखाली ठेवा आणि ती धरून सरकवा. ओढल्याने वरची कातडी जागीच राहते, आतलं मांस सरकतं, आणि जखम आतून सुरू होते. मग ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा. त्याचा पलीकडचा हात छातीवर, पलीकडचा पाय गुडघ्यात वाकवलेला. तुमचा एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर. "वळवतोय" असं सांगा आणि मगच आपल्याकडे घ्या.

पूर्ण कुशीवर नको, सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरे. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील. टाचेखालून कागद सरकला पाहिजे. दर दोन तासांनी बाजू बदल, आणि भिंतीवर कागद: वेळ, डावी-उजवी, कोणी वळवलं. तुम्ही आठवड्यातून दोनदाच जाता, म्हणजे हे घरच्यांना शिकवणं हेच तुमचं काम.

चट्टा बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढुरका पडून परत लाल झाला तर वेळ आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला ऊब किंवा टणकपणा लागतो का बघा. मालिश करू नका. रबरी रिंगही नको, कडेचा दाब वाढतो.

पारंबी

पांढरा पडत नाही. कातडी फाटलेली नाही.

वेताची_खुर्ची

मग ही पहिल्या पायरीची जखम आहे. पाठीवर निजवणं आजपासून बंद, फक्त डावीकडे आणि उजवीकडे तोच ३० अंशांचा कल. नर्सला आजच कळवा, पंधरवड्याची वाट पाहू नका. कातडी फाटलीच तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ घालून त्याने धुवा. स्पिरिट, पेरॉक्साइड नाही. जखमेला वास येऊ लागला तर नर्सला मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाबद्दल विचारा.

सुपारी_नाही

४ बद्दल. "गोळ्या घेतल्या का?" याला उत्तर नेहमी "हो". त्याऐवजी "गेल्या चार दिवसांत किती हुकल्या?" विचारा. हुकणं गृहीत धरलं की माणूस बोलतो. मोजणीही करा: ३० गोळ्या मिळाल्या, २० दिवस झाले, १० उरायला हव्यात. १३ उरल्या म्हणजे तीन हुकल्या, २० पैकी १७, ८५ टक्के. पण जुन्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या हिशेबात धरा, नाहीतर आकडा खोटा येतो. रागावलात तर पुढच्या फेरीआधी गोळ्या टाकून दिल्या जातील आणि मोजणी चोख निघेल. राहिलेली गोळी आठवल्यावर घ्यायची, पण एका वेळी दोन नाहीत.

टीबीवाल्यांच्या घरी एक खास जागा चुकते. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध शरीरात लवकर संपतं, म्हणून डॉक्टर १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची जादा गोळी देतात. घरच्यांना वाटतं तीच गोळी चुकून दोनदा दिली, आणि ते एक बंद करतात. टीबीचं औषध संपल्यावरही ती जादा गोळी आणखी दोन आठवडे चालते. डोल्युटेग्राविर पित्ताच्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं, एकत्र घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे.

कंदील

टीबीच्या घरी खिडकी उघडी ठेवा आणि वारा तुमच्याकडून रुग्णाकडे जाईल असे बसा. स्वयंसेवकाला एन-९५, खोकणाऱ्याला साधा मास्क.

जुलाबात ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर २०० ते ४०० मिलिलिटर, घोटघोट. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

थांबायचं नाही, दवाखान्यात न्यायचंच अशी वेळ: मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, नाडी १२० च्या वर, ताप ३९ सेल्सिअस किंवा जास्त, आधाराशिवाय चालता न येणं, न थांबणारी डोकेदुखी, झटके, नजर अंधुक होणं, नवीन औषधानंतर अंगावर फोड आणि तोंडात व्रण.

पायरव

राहिलेलं एक. पिशवीवर संस्थेचं नाव नको, गळ्यात ओळखपत्र नको, वहीत नावाऐवजी क्रमांक. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते रुग्णाशी पहिल्याच भेटीत ठरवा आणि आठही जणांनी तेच सांगा. भरवताना, केस विंचरताना, हात धरताना हातमोजे घालू नका. दारातूनच मोजे चढवून आत गेलात तर गल्लीला सगळं कळतं.

पारंबी

लसीसाठी उद्याच जातोय. चादरीची घडी घालून पाहिली, उशीच्या बाबतीत एक अडचण: घरात एकच आहे.

वेताची_खुर्ची

जुन्या चादरींची घट्ट गुंडाळी करा, दोन्ही टोकांना नाडीने बांधा. पाठीला एक, पोटऱ्यांखाली एक. गाठ अंगाकडे येऊ देऊ नका.